बिनपगारी सेक्रेटरीच्या किल्ल्या : २५ एप्रिल २०२४ पर्यंतचा घटनाक्रम

शून्य तास म्हणजे गुरुवार, २५ एप्रिल २०२४. उबुंटू लिनक्सची २४.०४ ही आवृत्ती त्या दिवशी जगासाठी खुली व्हायची होती. अशी दीर्घ मुदतीची आवृत्ती दोन वर्षांतून एकदा येते आणि मग वर्षानुवर्षं सर्व्हरवर ठाण मांडून बसते. अंधेरीच्या सीप्झमध्ये, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये, पवई-विक्रोळीच्या काचेच्या इमारतींत सर्व्हर सांभाळणारी मुलं तिची वाट बघत असतात. तिच्यासाठी परवान्याचा एक पैसा मोजावा लागत नाही, हेही त्यामागचं एक कारण.

त्या आवृत्तीतून एक चोरदरवाजा आत नेण्याचा बेत होता. तो तडीस गेला असता तर ज्याच्या हातात त्या दरवाजाची किल्ली होती त्याला पासवर्डशिवाय अगणित सर्व्हरांवर हवं ते करता आलं असतं. हा बेत अडीच वर्षं शिजत होता आणि अर्ध्या सेकंदामुळे उघडा पडला. धंद्याचं पाठबळ नसताना मुक्त सॉफ्टवेअर जगू शकतं का, या प्रश्नावर परिसंवाद बरेच होतात. मला त्यापेक्षा हे घड्याळ उलटं लावून बघणं जास्त उपयोगाचं वाटतं.

शिल्लक तास : सुमारे २१,८००
शुक्रवार, २९ ऑक्टोबर २०२१

मुंबईत दिवाळी आठवड्यावर आलेली. लसीचे दोन डोस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळत होता. घरून काम चालू असल्यामुळे कंपन्यांचा सगळा कारभार दूरच्या सर्व्हरवर शिरून चाललेला, आणि सर्व्हरवर शिरायचा रस्ता बहुतेक ठिकाणी एकच : एसएसएच.

त्या दिवशी एक्सझेड नावाच्या प्रकल्पाला ‘जिया टॅन’ या नावाने पहिला पॅच आला. एक्सझेडचं काम फायली दाबून लहान करण्याचं. नाव कोणाला ठाऊक नसतं, पण लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर तो असतो. सांभाळणारा माणूस एकच : फिनलंडमधला लासे कॉलिन. पगार नाही, कंपनी नाही, रिकाम्या वेळचा उद्योग. आलेला पॅच अगदीच किरकोळ होता, कोड लिहिण्याचा एडिटर कसा वागावा हे सांगणारी एक छोटी फाइल. अशा पॅचला कोणी नाही म्हणत नाही.

शिल्लक तास : सुमारे १६,५००
बुधवार, ८ जून २०२२

एप्रिलपासून कॉलिन यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला होता. पॅच वर्षानुवर्षं पडून राहतात, प्रकल्पात जीव उरलेला नाही, नवा मेंटेनर नेमा, असा त्यांचा सूर. सर्वांत कडवट लिहिणाऱ्याने नाव लावलं होतं ‘जिगर कुमार’. घाटकोपरच्या खाऊगल्लीत ‘जिगर’ अशी हाक मारली तर चार जण मागे वळून बघतील, इतकं ओळखीचं नाव. पण या पत्रलेखकाचा पुढे शोध घेतला तेव्हा त्याचा दुसरीकडे कुठेच माग लागला नाही. दुसरा ‘डेनिस एन्स’. तोही तसाच, हवेतून आला आणि हवेत गेला. आपल्याकडचं नाव बुरख्यासाठी का निवडलं असेल? कदाचित मदत मागणारा आणि तक्रार करणारा भारतीय अभियंता इतका सर्रास दिसतो की त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

८ जूनला कॉलिन यांनी उत्तर दिलं. रस संपलेला नाही, पण बऱ्याच काळापासून मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत, त्यामुळे फार लक्ष देता येत नाही. आणि हा बिनपगारी छंद आहे हे ध्यानात ठेवावं, असा त्याचा आशय. जिया टॅनबरोबर थोडंफार काम चालू आहे, पुढे कदाचित त्याला मोठी जबाबदारी देता येईल, हेही त्यांनी सांगून टाकलं. त्यावर डेनिस एन्सने सहानुभूती दाखवली आणि त्याच दमात स्वतःच्या मर्यादा ओळखायचा सल्लाही दिला.

उपनगरातल्या हौसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला हे पत्र समजावून सांगावं लागणार नाही. पाण्याची टाकी, लिफ्टचा करार, वॉचमनचा पगार, गळकी गच्ची, सगळं एकाच माणसाने नोकरी सांभाळून बघायचं. वार्षिक सभेला गणसंख्या होत नाही, पण लिफ्ट बंद पडली की रात्री अकराला बेल वाजते. दोन सभासद ग्रुपवर रोज खडसावतात. अशात तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला एक हसतमुख तरुण म्हणतो, काका, किल्ल्या द्या माझ्याकडे, मी बघतो. काका देतात. कोणीही देईल. खडसावणारे दोघे आणि हा हसतमुख तरुण एकाच टोळीतले असू शकतात, असा विचार थकलेल्या माणसाच्या मनात येत नाही.

हा नुसता पैशाचा प्रश्न होता, असं मी म्हणणार नाही. त्या काळात कोणी कॉलिन यांना हजार डॉलर पाठवले असते तरी त्यांची झोप परत आली नसती. त्यांना हवा होता दुसरा माणूस. तो आला, फक्त खोटा आला.

शिल्लक तास : सुमारे ९,७००
शनिवार, १८ मार्च २०२३

एक्सझेडची ५.४.२ ही आवृत्ती जिया टॅनच्या हातून बाहेर पडली. किल्ल्या हस्तांतरित झाल्या. पुढच्या काही महिन्यांत गूगलच्या स्वयंचलित तपासणीत संपर्काचा पत्ता त्याचा झाला, आणि जुलैमध्ये त्याच तपासणीतला एक भाग त्याने कारण देऊन बंदही करून घेतला. सगळं उघड्यावर चालू होतं. मुक्त सॉफ्टवेअरचं मोठं भांडवल म्हणजे कोड कोणीही वाचू शकतो. कोणीही म्हणजे नेमकं कोण, हे मात्र ठरलेलं नसतं.

अशा घरातली ही पहिली पडझड नव्हती. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही चूक सापडली, तेव्हा निम्म्या जगाच्या व्यवहारांना कुलूप घालणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर असल्याचं बाहेर आलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतली चूक उघडी पडली, तिची डागडुजीही स्वयंसेवकांनी रात्री जागून केली. दोन्ही वेळा मोठ्या कंपन्यांनी हळहळ व्यक्त केली. पहिल्या वेळी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधीही उभा राहिला, पण एक्सझेडसारखा कोपऱ्यातला प्रकल्प त्या नजरेत आलाच नाही.

शिल्लक तास : सुमारे १,५००
शुक्रवार, २३ फेब्रुवारी २०२४

जिया टॅनने प्रकल्पात चाचणीच्या काही फायली घातल्या. दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला मुद्दाम बिघडवलेल्या फायली चाचणीसाठी लागतातच, आणि त्या वाचून काही कळत नाही. चोरदरवाजा तिथेच लपवला होता. दुसऱ्या दिवशी ५.६.० आवृत्ती आली. खरी गंमत तिच्या टारबॉलमध्ये होती : बांधकामाच्या वेळी लपवलेला भाग बाहेर काढणारी ओळ उघड्या कोडमध्ये नव्हतीच, फक्त त्या बांधून दिलेल्या गठ्ठ्यात होती. ज्यांनी कोड वाचला असता त्यांनाही ती दिसली नसती.

एक्सझेड आणि एसएसएच यांचा तसा संबंध नाही. डेबियन, फेडोरा या लिनक्स वितरणांनी सोयीसाठी एसएसएचला, सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची लायब्ररी जोडली, ती लायब्ररी एक्सझेडची लायब्ररी ओढून आणते, आणि अशा रीतीने फायली दाबणारा माणूस मुख्य फाटकापाशी जाऊन उभा राहतो. चोराने ही साखळी ओळखली होती.

तीन दिवसांत डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेत ५.६.० दाखल झाली.

शिल्लक तास : सुमारे १,१३०
शनिवार, ९ मार्च

आदल्या दिवशी महाशिवरात्र झाली. नव्या आवृत्तीवर व्हॅलग्राइंड हे तपासणीचं हत्यार कुरकुरू लागलं होतं. जिया टॅनने ५.६.१ काढून ती कुरकूर बंद केली. फेडोरावर काम करणाऱ्यांशी तो आठवडे न् आठवडे नम्रपणे बोलत होता. नव्या आवृत्तीतल्या नव्या सोयी घ्याच, असा आग्रह. चोर इतका कामसू असू शकतो, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

शिल्लक तास : ८६४
बुधवार, २० मार्च

इथे घड्याळ जरा थांबवून विद्याविहारला जाऊ. घाटकोपरच्या अलीकडचं स्टेशन. पश्चिमेला नीलकंठ बिझनेस पार्क. इथे वाढलेल्या फ्रापे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, माल, पगार, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर संपूर्ण मुक्त आहे, जीपीएल परवान्याखाली. रुशभ मेहता यांनी ते सुरू केलं, कारण घरच्या फर्निचरच्या कारखान्यात बाहेरून आणलेली ईआरपी बसवताना दमछाक झाली होती. कोड कोणीही फुकट उतरवून घ्यावा. ज्याला सर्व्हर सांभाळायची कटकट नको त्याने फ्रापेच्या क्लाउडवर भाडं भरावं. २०२० मध्ये झिरोदा या शेअर दलाली कंपनीने त्यात गुंतवणूक केली. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आणि धंदा एका छपराखाली नांदू शकतात याचा दाखला बघायला सातासमुद्रापार जायची गरज नाही, मध्य रेल्वेचं स्लो लोकलचं तिकीट पुरतं.

पण फ्रापेच्या चौकटीला रांगा आणि कॅशसाठी रेडिस हा डेटाबेस लागतो, आणि त्या बुधवारी रेडिस कंपनीने जाहीर केलं की यापुढच्या आवृत्त्या जुन्या मोकळ्या बीएसडी परवान्याखाली मिळणार नाहीत. मोठ्या क्लाउड कंपन्या आमच्या जिवावर कमावतात, हा त्यांचा राग; तो अगदीच खोटा नव्हता. मात्र पंधरा वर्षांत ज्या शेकडो लोकांनी त्यात फुकट कोड घातला त्यांना कोणी विचारलं नाही. आठ दिवसांनी, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशनने ‘वाल्की’ हा रेडिसचा मुक्त फाटा जाहीर केला. मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल.

एकाच पंधरवड्यात दोन प्रकारची मरणं जगाला दिसली. ज्याला कंपनी नव्हती ते एकटेपणात पोखरलं जात होतं. ज्याला कंपनी होती त्याचं दार कंपनीने लावून घेतलं. दुसऱ्या आजाराला औषध निघालं, कारण जुना कोड मोकळाच होता आणि आठवड्याभरात नवं घर बांधण्याइतके पगारी हात तयार होते. पहिल्या आजाराचं अजून कोणाला कळलंही नव्हतं.

शिल्लक तास : ७४४
सोमवार, २५ मार्च

धुळवड. मुंबई रंगात. ‘हान्स यान्सेन’ या आणखी एका नावाने डेबियनला विनंती गेली : ५.६.१ लवकर घ्या. घाई का? एक पटणारा तर्क असा की सिस्टिमडीने आपल्या अवजड लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडायचं ठरवलं होतं. तो बदल पसरला असता तर एसएसएचपर्यंतची साखळी तुटली असती. चोराकडेही वेळ थोडा होता.

शिल्लक तास : ६७२
गुरुवार, २८ मार्च

सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडला. आर्थिक वर्षातला व्यवहाराचा हा शेवटचा दिवस, कारण उद्या गुड फ्रायडे. त्याच दिवशी सौदा मिटवण्याची प्रायोगिक पद्धतही आजच सुरू झाली. लोकलच्या डब्यात मात्र चर्चा आदल्या रात्रीची : हैदराबादने मुंबई इंडियन्सला ठोकलेल्या २७७ धावा.

साडेतीनला बाजार बंद झाला. लेखापालांचा दिवस तेव्हा कुठे सुरू होत होता.

डेबियनने ५.६.१ आदल्याच दिवशी घेतली होती. या तारखेला आणखी दोन गोष्टी घडल्या. जिया टॅनने उबुंटूकडे अर्ज केला की डेबियनमधली ही आवृत्ती २४.०४ मध्ये ओढून घ्यावी. आणि कॅलिफोर्नियात आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याची खात्री पटली की आपल्या यंत्रावर काहीतरी भयंकर आहे.

फ्रॉइंड सुरक्षातज्ज्ञ नव्हेत. ते स्वतःच तसं म्हणाले. ते पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करतात. एक बारीक मोजणी चालू होती, त्यासाठी यंत्र शांत हवं होतं, आणि एसएसएच उगाच प्रोसेसर खात होतं. चुकीच्या नावाने कोणी शिरू बघत असलं तरी. त्यांनी वेळ मोजला : आधी ०.२९९ सेकंद लागायचा, आता ०.८०७. अर्धा सेकंद. आपण चहा संपेपर्यंत वेबसाइट उघडायची वाट बघणारी माणसं. अर्धा सेकंद आपल्या खिजगणतीत नसतो. त्यांना तो बोचला. त्यांना काही आठवड्यांपूर्वीची व्हॅलग्राइंडची चमत्कारिक कुरकूर आठवली, आणि धागा ओढत ते एक्सझेडच्या गठ्ठ्यापर्यंत पोचले.

त्यांनी डेबियनला आणि लिनक्स-वितरकांच्या बंद गटाला खाजगीत कळवलं. डेबियनने तातडीने मागे नेणारी आवृत्ती चढवली. तिचं नाव ‘५.६.१+रियली५.४.५’. सरकारी कागदावर खाडाखोड करून खरं लिहावं तसं.

शिल्लक तास : ६५०
शुक्रवार, २९ मार्च

गुड फ्रायडे. बाजार बंद, पण रविवारी ३१ मार्चला सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका उघड्या ठेवायचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आलेला, त्यामुळे हिशेबनिसांना सुट्टी कसली! बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्यांच्या टेबलावर वर्षअखेर होती ते दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनेच शिरत होते. त्यांच्यातले जवळजवळ सगळे सुरक्षित होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चालत्या धंद्याचे सर्व्हर जुन्या, स्थिर आवृत्त्यांवर असतात. तिथे चोरदरवाजा पोचलेला नव्हता. तो पोचायचा होता पुढच्या पिढीत.

संध्याकाळी साडेसातला बंगळुरूमध्ये आयपीएलचा सामना सुरू झाला.

शिल्लक तास : ६४८
शुक्रवार, रात्री ९ वाजून २१ मिनिटं

सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ८.५१. फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं : काय दिसलं, कसं शोधलं, काय कळलेलं नाही. शांत, कोरडं, अभियंत्याचं लिखाण.

पुढच्या काही तासांत रेड हॅटने इशारा दिला, की फेडोराची प्रायोगिक शाखा वापरणं लगेच थांबवा. चुकीला क्रमांक आधीच मिळाला होता, तीव्रता दहापैकी दहा. गिटहबने प्रकल्पाचं दार बंद केलं आणि जिया टॅनबरोबर लासे कॉलिन यांचंही खातं गोठवलं. घर ज्याचं फोडलं त्यालाच पहिल्या रात्री घराबाहेर उभं राहावं लागलं. कॉलिन तेव्हा सुट्टीवर होते, इंटरनेटपासून लांब.

जिया टॅन त्यानंतर कधीच बोलला नाही. तो एक माणूस होता की एखाद्या देशाचं खातं, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

घड्याळ थांबल्यानंतर

उबुंटूने २४.०४ ची बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलला ढकलली आणि चोरदरवाजा आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजेस स्वच्छ यंत्रांवर नव्याने बांधली. २५ एप्रिलला आवृत्ती ठरल्या दिवशी आली, चोरदरवाजाशिवाय.

आता मूळ प्रश्न. मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणतात, बघा, कोड उघडा होता म्हणून चोरी सापडली. खरं आहे, बंद कोड असता तर फ्रॉइंड यांना धागा ओढताच आला नसता. धंदेवाले म्हणतात, बघा, पगार नसला की असं होतं. तेही खरं आहे, आणि त्यांच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा खुद्द फ्रॉइंड : ते मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेसचं काम करतात. ज्या कंपनीचा एकेकाळी लिनक्सवर दात होता तिच्या पगाराने लिनक्स वाचलं. पण पोस्टग्रेस कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. मायक्रोसॉफ्ट त्यांना पगार देते. कोडचा सातबारा तिच्या नावावर नाही. माझ्या मते उत्तर याच फटीत आहे. पैसा हवा, तो माणसाच्या वेळेसाठी हवा, आणि मालकीच्या कागदावर त्याचा अंगठा नको. रेडिसमध्ये पैसा होता आणि अंगठाही होता. एक्सझेडमध्ये दोन्ही नव्हते.

सरकारी पैशाचा रस्ताही आहे. पवईत आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प केंद्राच्या शिक्षण खात्याच्या निधीतून वर्षानुवर्षं महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर पोचवतो आहे. काम उत्तम, पण त्यातून वापरणारे तयार होतात. कोपऱ्यातल्या लायब्ररीला दुसरा मेंटेनर मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोदाने जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. परवान्यापायी वाचलेल्या पैशांतला वाटा परत करणारी भारतीय कंपनी अजूनही बातमी ठरते, यातच सगळं आलं.

लासे कॉलिन परत आले. २९ मे २०२४ रोजी त्यांनी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती प्रसिद्ध केली.

सीप्झ, माइंडस्पेस, नीलकंठ, जिथे कुठे तुमची कंपनी असेल तिथे एक काम करा. सर्व्हरवरच्या लायब्रऱ्यांची यादी काढायला लावा आणि प्रत्येकीपुढे सांभाळणाऱ्यांची संख्या लिहा. जिथे ‘१’ येईल त्या माणसाला पत्र पाठवा : आमचा एक अभियंता महिन्यातले दोन दिवस तुमच्या हाताखाली देतो, पगार आमचा, शेवटचा शब्द तुमचा. जिया टॅननेही मदतच देऊ केली होती, तेव्हा पत्राखाली त्या अभियंत्याचं खरं नाव, कंपनीचा पत्ता आणि फोन घाला, आणि मेंटेनरने ते पडताळून बघेपर्यंत थांबा.